साजिदची फौज

लढाई या विषयावर खैर मॅडमइतकं संतापणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाच्या पाठीत साधा धपाटा घातला नव्हता, वर्गातल्या उनाडांच्यासुद्धा नाही. त्यांचा सगळा राग राजांवर, सेनापतींवर आणि शेवटच्या काही वर्षांत कॉम्प्युटरवरच्या एका गेमवर.

मॅडम गेल्या हिवाळ्यात गेल्या. झोपेतच. परवा त्यांच्या घरात नवे भाडेकरू राहायला आले आणि त्यांनी खिडकीतला जुना कूलर काढून अंगणात ठेवला. त्या कूलरसमोर मी किती दुपारी काढल्या आहेत! अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसं जिथे थंडावा मिळेल तिथे बसतात, मी मॅडमकडे बसायचे. घरी आले आणि काही केल्या दुसरं काम सुचेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

पूर्ण नाव खैरुन्निसा. माहेर मूर्तिजापूरचं. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी, अशा तीन भाषा त्या एका श्वासात बोलत. आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि मी गणित. पोरं त्यांना खैर मॅडम म्हणत, आणि तपासलेले पेपर मिळायच्या दिवशी "आज आपली खैर नाही" हा विनोद दरवर्षी नव्या तुकडीला नव्यानं सुचत असे. मॅडमही दरवर्षी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसत. साडीचा पदर डोक्यावर, हातात खडू आणि कानामागे लाल पेन. हे लाल पेन घरीसुद्धा कानामागेच असायचं, कारण सकाळचं वर्तमानपत्र त्या तपासून वाचत. चुकीच्या शब्दाखाली रेघ, गोलमाल वाक्याला प्रश्नचिन्ह, आणि अग्रलेखाला चक्क गुण. पाचच्या वर गुण मिळवलेला अग्रलेख मी तरी पाहिला नाही.

इतिहास शिकवायची त्यांची तऱ्हा आमच्या मुख्याध्यापकांना कधी पटली नाही. पुस्तकात लिहिलेलं असायचं, राजाने वेढा घातला व किल्ला जिंकला. एक ओळ. मॅडम त्या एका ओळीवर आठवडा घालवायच्या. किती माणसं होती? त्यांनी काय खाल्लं? घोड्यांना वैरण कुठून आली? पाणी कुणी वाहिलं? धडा मोठ्या अभिमानानं सांगणारं एखादं पोरगं राजाच्या पराक्रमावर घसरलं, की मॅडम त्याला मध्येच थांबवत.

"राजे सोड. बैल कोठी हाय ते सांग."

एकदा सहलीला नरनाळ्याला गेलो. मॅडमनी प्रत्येक पोराच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि ती न पिता किल्ल्यावर न्यायला सांगितलं. ऊन चांगलंच होतं. अर्ध्या वाटेत बाटल्या निम्म्या झाल्या होत्या आणि सगळे साळसूदपणे एकमेकांकडे पाहत होते. वर पोचल्यावर मॅडमनी खालचा मुलूख दाखवला आणि विचारलं, "आता सांगा. तुमी खाली वेढा घालून बसले. वरच्यांपाशी टाकी भरून पाणी हाय. काय करान?" एक जाडगेला मुलगा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, मी तह करतो." सगळी पोरं फिदीफिदी हसली. मॅडम हसल्या नाहीत. "बसा खाली सारे," त्या म्हणाल्या, "आपल्या वर्गात हा एकच शहाणा राजा हाय."

त्यांचा खास आवडीचा मुद्दा पावसाळ्याचा. आपल्याकडच्या जुन्या फौजा म्हणजे बहुतेक शेतकरीच. दसरा झाला की निघायचे, आणि मृगाच्या आत घरी परतायचे, पेरणीला. ते सांगताना मॅडमना चेव चढायचा. आपली काळी माती पावसात बैलाचा पाय सोडत नाही, तिथे तोफेचं चाक काय हलणार, असं म्हणत त्या टेबलाभोवती पाय ओढत चालून दाखवायच्या. शेजारच्या वर्गात मी समीकरणं सोडवत असले तरी तो पाय ओढल्याचा आवाज आणि पोरांचं हसणं ऐकू यायचं. माझ्या तासाला असं कधी कुणी हसलं नाही, याचं मला वाईट वाटायचं.

साजिद त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचे अब्बा तो लहान असतानाच गेले होते. उंच, कमी बोलणारा, आईसमोर मान खाली घालून शेवटी स्वतःच्या मनासारखं करणारा पोरगा. अमरावतीला इंजिनिअर झाला, तिथेच नोकरीला लागला. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा आणि जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसायचा. तो एक गेम खेळायचा, मध्ययुगातल्या राज्यांचा. सगळ्या जगाचा नकाशा, त्यात शेकडो राजे, त्यांची लग्नं, मुलं, भांडणं, तह. त्यातला एक राजा आपला. तो म्हातारा होतो, मरतो, मग त्याचा मुलगा आपला. साजिद मोठ्या कौतुकानं आईला बोलवायचा.

"अम्मी, एक बार बैठो ना. आपकाच सब्जेक्ट है."

"मैं असली तवारीख पढ़ाती हूँ बेटा," मॅडम स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "ये झूठमूठ की तू ही खेल."

त्या कधी बसल्या नाहीत. राग होता असंही नाही. पोरगा घरी आलाय, त्याला उद्याच्या डब्यात काय द्यायचं, याच गडबडीत त्या असायच्या.

मॅडम निवृत्त झाल्या त्याच वर्षी साजिदला ताप आला. अमरावतीहून घरी आला तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत आला होता, गल्लीच्या तोंडाशी मला "कशा आहात बाई" म्हणून विचारूनही गेला. त्याच आठवड्यात तो गेला. मला ते अजून नीट सांगता येत नाही.

मॅडम लोकांसमोर रडल्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला बसा म्हणत, पाणी देत. मला त्यांचं दुःख कळलं ते वर्तमानपत्रांवरून. पलंगाखाली गठ्ठा वाढत होता आणि एकाही पानावर लाल रेघ नव्हती. मी मुद्दाम एक चुकीचा मथळा दाखवला. त्यांनी पाहिला, "असू द्या," म्हणाल्या, आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसल्या. त्या दिवशी घरी येऊन मीच रडले.

पुढे एका रविवारी पंकज आला. साजिदच्या ऑफिसातला मित्र, वरूडचा. घरच्या बागेतल्या संत्र्यांची पिशवी घेऊन आला होता आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. मॅडमना कॉम्प्युटरमधले साजिदचे फोटो हवे होते, ते काढून द्यायला त्यानं तो सुरू केला. मीही तिथेच होते. फोटो झाल्यावर त्याचा हात त्या गेमपाशी थांबला. "काकू, हे पाहायचं का?" त्यानं विचारलं. मॅडमनी मान हलवली.

नकाशा उघडला. आपला वऱ्हाडच होता तो. नरनाळा होता, गाविलगड होता, पूर्णा नदी मात्र भलत्याच बाजूला नेऊन टाकली होती. साजिदनं दक्षिणेकडच्या एका राजाशी युद्ध सुरू केलं होतं आणि त्याची फौज शत्रूच्या किल्ल्याखाली वेढा घालून उभी होती. तिथेच त्यानं वेळ थांबवून ठेवली होती. पुढच्या शनिवारी खेळायचं म्हणून.

"हा राजा," पंकज बोट ठेवून म्हणाला आणि थोडा अडखळला. "याचं नाव साजिदच ठेवलंय त्यानं."

मग त्यानं राजाचं कुटुंब उघडलं. राजाची आई जिवंत होती. राजमाता खैरुन्निसा. खाली तिचे स्वभाव लिहिले होते: हट्टी, न्यायी, शीघ्रकोपी.

पंकजचा चेहरा उतरला. "काकू, नावं आपण ठेवतो, पण स्वभाव गेमच देतो बरं. त्यानं नाही लिहिले."

"गेमले कसं समजलं?" मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. साजिद गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि मग किती तरी वेळ तो खाली आलाच नाही. पंकज संत्र्यांच्या पिशवीकडे पाहत बसला होता. मी मॅडमच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

निघताना पंकजनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की साजिदनं हा डाव मुद्दाम अवघड पद्धतीनं सुरू केला होता. यात मागं जाता येत नाही. जे होईल ते तसंच साठवलं जातं. चूक झाली की झाली, आणि राजा मेला की मेला. "काकूंना सांगा, पाहायचं असेल तर पाहा. चालवू नका."

मॅडम रोज दुपारी नुसता नकाशा उघडून पाहायच्या. थांबलेली वेळ, उभी फौज, आणि फौजेच्या पुढे घोड्यावर साजिद राजा. मला वाटलं, हे असंच चालेल आणि चालू द्यावं. पण एके दिवशी त्यांनी मला हाक मारून बोलावलं.

"वानखडे बाई, यांच्यापाशी दाणा किती उरला ते पाह्यलं का तुमी? थोडाच हाय. पोरगं सोता फौजेसंग उभं हाय. उपाशी लोकं घेऊन असं किती दिवस उभं ठेवू त्याले?"

"मॅडम, वेळ थांबलेली आहे. तोवर कुणाला भूक लागत नाही."

"मले लागते न," त्या म्हणाल्या. "त्याले घरी आणू. लढाई संपवू अन् नरनाळ्यावर आणू. मंग ठेवू थांबवून."

असा तो उद्योग सुरू झाला. जन्मात पहिल्यांदा माउस हातात धरणारी बाई, फोनवर अमरावतीहून पंकज, आणि शेजारी खुर्ची टाकून मी. मला लढाईतलं ओ की ठो कळत नाही. माझं काम इंग्रजी अक्षरं बारीक असली की वाचून दाखवायचं.

पहिल्याच दिवशी मॅडमचं आणि गेमचं वाजलं. साजिदचा एक मित्र राजा होता, शपथ वाहून मदतीला आलेला. त्याची भली मोठी फौज नकाशावर दिसायची, पण ती वेढ्याकडे येण्याऐवजी डोंगराच्या बाजूनं रमतगमत भलतीकडेच निघायची.

"हा कोठी चालला? अरे भैताडा, लढाई इकडं हाय! हा जत्रेले निघाला काय?"

"काकू, मित्रांची फौज आपल्याला हलवता येत नाही," फोनवरून पंकज. "ते त्यांच्या मनानं फिरतात."

"मंग मित्र कायले म्हणतं त्याले?"

सगळी फौज एका जागी ठेवली की दाणा पुरत नाही आणि माणसं पटापट मरतात, म्हणून मॅडमनी तिचे दोन भाग केले. लगेच शत्रूनं लहान भागावर हल्ला केला. हरलेली तुकडी पळत सुटली ती थांबेचना. आपला मुलूख आला, आपला किल्ला आला, तरी पळतेच आहे. मॅडम माउस आपटून तिला थांबवू पाहत होत्या. "अरे थांबा! घर मागं राह्यलं तुमचं!" पंकजनं सांगितलं की पळणारी फौज ऐकत नाही, ती पळून झाल्यावरच थांबते. ही एक गोष्ट मात्र खरी लिहिली आहे, असं मॅडमनी कबूल केलं.

आणि तो तह! तहाचं नाव काढलं की मॅडम लाल व्हायच्या. युद्धात कोण किती जिंकलं, हे गेम टक्क्यांत मोजायचा. शंभर झाले तरच समोरचा राजा हार मानणार. मॅडमनी वेढा तडीस नेला, किल्ला पडला, शत्रूचा युवराजसुद्धा हाती लागला. तरी टक्के पुरेनात. जैसे थे ठेवून तह करायचं बटण होतं, पण ते कायम करड्या रंगाचं. दाबलं तरी दबायचं नाही.

"त्याचं लेकरू आपल्या कोठडीत हाय अन् हा म्हणून राहिला, टक्के कमी हायेत! लढाईचे टक्के! हा दहावीचा निकाल हाय काय?" मग आवाज एकदम खाली आला. "असा कसा बाप हाय हा, बाई? पोरगं अडकलं तर सारं सोडून धावत येईल न माणूस."

मी उठून कूलरमध्ये पाणी घातलं.

त्या काळात त्यांनी गेमच्या कंपनीला तक्रारही पाठवली. मजकूर मॅडमचा, इंग्रजी पंकजचं. आपल्या खेळात फौजा आहेत पण बैल नाहीत, वैरण नाही, तह करू इच्छिणाऱ्याला तह करता येत नाही, पूर्णा नदी चुकीच्या जागी आहे, कृपया सुधारणा करावी. खाली 'सेवानिवृत्त शिक्षिका' असं आवर्जून लिहायला लावलं. उत्तर आलं, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. मॅडमनी ते छापून घेतलं, कानामागचं लाल पेन काढलं आणि दहापैकी दोन गुण दिले. पेन पुन्हा चालायला लागलं, याचा मला इतका आनंद झाला की ते दोन गुण मी गल्लीभर सांगत फिरले.

राजाला तरी आधी सुरक्षित करावं, म्हणून मॅडमनी त्याला फौजेतून काढून नरनाळ्यावर धाडलं आणि फौजेवर दुसरा सरदार नेमला. त्या दिवशी त्या शांत झोपल्या, असं दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या. पंकजनं एकदा हळूच सुचवलं, की हार मानायचं एक बटण असतं आणि ते नेहमी चालू असतं. पूर्णेपलीकडचा मुलूख जाईल, गाविलगड जाईल, पण युद्ध मिटेल. मॅडम त्याच्यावर कडाडल्या. पोरानं इतक्या शनिवारांची झोप मोडून जे जमवलं, ते आई हरवून टाकेल काय? पंकजनं पुन्हा विषय काढला नाही.

मग गेममधला जून आला.

मी शेजारीच होते, पण मला काही कळलं नाही. पंकज त्या दिवशी कामात होता, फोन लागला नव्हता. मॅडमनी तारखेकडे पाहिलं आणि सरळ साऱ्या फौजेला रजा दिली. वेढ्यातली, किल्ल्यातली, वाटेवरची, सगळी माणसं घरी. "पेरणी हाय बाई. मृग लागला. आता दसऱ्यापर्यंत कोणी हालत नाही. त्याची बी फौज शेतकऱ्यांचीच हाय न." चाळीस वर्षं वर्गात शिकवलेलं त्यांनी केलं. वऱ्हाडातल्या कुठल्याही शहाण्या राजानं जे केलं असतं तेच.

पण त्या गेममध्ये मृग नव्हता. आभाळ नव्हतं, चिखल नव्हता, तिफण नव्हती. शत्रूची फौज भर पावसाळ्यात कोरड्या रस्त्यावरून यावी तशी तरातरा आली, आणि थेट नरनाळ्याला वेढा पडला. आत राजा आणि राजमाता. बाहेर आपलं एक माणूस नाही. परत बोलावलेले शेतकरी गोळा व्हायच्या आत तटाला खिंडार पडल्याची सूचना आली.

पंकजचा फोन लागला. "काकू, हा राजा कैदी ठेवत नाही," तो म्हणाला. "मुंडकं उडवतो. त्याच्या स्वभावात लिहिलंय."

मॅडमनी वेळ थांबवली. मला म्हणाल्या, "मीच त्याले घरी आणलं. फौजेत असता तर वाचला असता." मी म्हणाले, मॅडम, हा गेम आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी असं म्हणायला नको होतं हे मला तेव्हाच कळलं. तापातसुद्धा त्यांनीच त्याला अमरावतीहून घरी बोलावून घेतलं होतं. तिथे राहिला असता तर, हा किडा त्यांच्या डोक्यात होता आणि आतापर्यंत त्यांनी तो कुणापुढे काढला नव्हता.

मग त्यांनी हार मानायचं बटण दाबलं. गेमनं दोनदा विचारलं, नक्की ना? दोन्ही वेळा हो.

नकाशावरचा आपला रंग आकसला. गाविलगड गेला, पूर्णेपलीकडचं सगळं गेलं. नरनाळ्याभोवती थोडासा तुकडा उरला. फोनवर पंकज हळहळला. "साजिदनं फार मेहनतीनं मिळवलं होतं काकू."

"मुलूख जाऊ दे. पोरगं हाय न?"

"हो. आहे."

"मंग झालं तर."

त्यानंतर मॅडमनी त्या राज्यात एकही लढाई होऊ दिली नाही. डाव थांबवून ठेवायचं मात्र त्यांनी सोडलं. रोज दुपारी राज्यातलं एखादं वर्ष पुढे सरकायचं. विहिरी खोदल्या, बाजार वसवले. कुणी युद्धाला बोलावलं की नकार. शेजारचे राजे नावं ठेवायला लागले, साजिद राजाच्या नावापुढे गेमनं 'भित्रा' असं बिरुद लावलं, तेव्हा मॅडमनी स्क्रीनलाच सुनावलं, "तुह्या बापाचं काय जाते?" राजाचं लग्न लावलं. सून मॅडमना पसंत नव्हती, ती खर्चिक निघाली होती. तिच्याबद्दल गाऱ्हाणं सांगायला त्या माझ्याकडे यायच्या आणि मी चहा करता करता ते सगळं खरंच असल्यासारखं ऐकायचे. नातू झाला त्या दिवशी मला पेढा दिला. मी खाल्ला. मला तो गोड लागला.

गेममधल्या राजाचं चित्र वयाप्रमाणे बदलतं. एके दुपारी मॅडमनी चष्मा पुसून मला जवळ बोलावलं.

"पाहा बरं. पांढरे केस आले त्याले. कानापाशी." बोट स्क्रीनवर टेकवून त्या म्हणाल्या, "त्याच्या अब्बाले नाही आले. तेवढे जगलेच नाहीत ते."

त्या बोटाकडे पाहून मला कळलं, की मॅडमना राज्य नको होतं, विजय नको होता. त्यांना हेच पाहायचं होतं. पोरगा म्हातारा होताना.

आणि मग मला भीती वाटायला लागली. गेममधला काळ भराभर चालला होता. राजा पन्नाशीला आला होता. कधी तरी तो जाणार. तेव्हा या बाईंचं काय होईल? मी पंकजला फोन करून विचारलं, हे कुठे थांबवता येतं का? तो म्हणाला, थांबवणारं माणूस काकूच.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, कूलरचा आवाज चालला होता, मॅडम राज्याचा वसुलीचा हिशेब नीट लावत होत्या. स्क्रीनच्या मध्यभागी काळ्या चौकटीत एक सूचना उघडली. मी वाचण्याआधी मॅडमनीच वाचली, वर्गात वाचायच्या तशी, मोठ्यानं, इंग्रजीचं मराठी करत.

"राजमाता खैरुन्निसा. वृद्धापकाळानं. नरनाळा किल्ल्यावर."

मी म्हणाले, "मॅडम, बंद करू या का?"

"थांबा जरासं."

त्यांनी राजाच्या चित्रावर माउस नेला. पांढरे केस, खाली गेलेली नजर. नावाखाली एक नवी खूण आली होती. त्यांचा चष्मा धुकटला होता, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: आईच्या मृत्यूने शोकात.

मॅडम त्या चित्राकडे पाहत राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेला निवांतपणा आला होता. मला मात्र हुंदका आवरेना, आणि त्यांनीच माझा हात धरला.

"रडून राहिला माह्यासाठी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हलक्या हातानं वेळ थांबवली. "आता इथंच राहू देऊ, वानखडे बाई. आता मी गेली अन् तो हाय."